मोठ्या मेकची पाठ सांभाळताना : बॅटलटेकमधील तोंडाच्या दिशेचे नियम आणि डावपेच

बॅटलटेक हा मेकांच्या, म्हणजे चालक आत बसून चालवतो अशा अवाढव्य यंत्रयोद्ध्यांच्या, लढाईचा पटावरचा खेळ. त्याच्या पटावर शंभर टनांचा अ‍ॅटलस उभा केला, की याच्या वाटेला कोण जाणार, असे नव्या खेळाडूला वाटते. त्याच्या एएस७-डी या मूळ नमुन्याच्या अंगावर ३०४ पॉइंटांचे चिलखत असते. उजव्या धडात एका फटक्याला वीस पॉइंट नुकसान करणारी एसी/२० तोफ, डाव्या धडात एलआरएम २० आणि एसआरएम ६ ही क्षेपणास्त्रे, दोन्ही हातांत एकेक मीडियम लेसर आणि पाठीवर मागच्या बाजूला रोखलेले आणखी दोन, असा त्याचा सरंजाम असतो. तरीही हा मेक अनेकदा त्याच्या निम्म्याही वजनाच्या शत्रूकडून मार खातो, कारण त्याच्या मधल्या धडावर समोरून ४७ पॉइंट चिलखत असले तरी पाठीवर फक्त १४ असते, आणि बाजूच्या धडांवर समोरून ३२ तर पाठीमागून अवघे १०. मोठी फिगर चालवण्याचे सगळे कसब या आकड्यांतल्या तफावतीतून निघते. म्हणून माझा आग्रह असा, की अशा मेकची चाल ठरवताना फेरीच्या शेवटी त्याचे तोंड कुठे असेल आणि पाठीमागे काय असेल हे आधी ठरवावे, आणि तो कोणत्या हेक्सात (पटावरच्या षटकोनी घरात) जाईल हा प्रश्न त्यानंतर घ्यावा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात.

हा खेळ १९८४ साली अमेरिकेतील फासा या कंपनीने ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव बॅटलटेक झाले. आज तो कॅटॅलिस्ट गेम लॅब्जतर्फे निघतो. एक हेक्स म्हणजे तीस मीटर, एक फेरी म्हणजे दहा सेकंद आणि मेकचे वजन वीस ते शंभर टन, हे हिशेब ज्यांना ठाऊक आहेत आणि ज्यांनी दोन-चार डाव खेळले आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील मजकूर लिहिला आहे.

तोंडाची खूण

मेकची फिगर षटकोनी तळावर बसवलेली असते आणि मेकचे तोंड नेहमी हेक्सच्या सहा कडांपैकी एकीकडे असते. कोपऱ्याकडे तोंड करून तो कधीच उभा राहत नाही. अडचण अशी, की मूर्तिकाराने घडवलेला मेक बऱ्याचदा कंबरेत वळलेला, एक पाय पुढे टाकलेला किंवा मान फिरवलेला असतो, आणि मग त्याचे तोंड नक्की कोणत्या कडेकडे धरायचे यावर वाद होतो. अशा वेळी मूर्तीची ढब न पाहता तळ पाहावा. तळाच्या पुढच्या कडेवर ठळक रंगाची रेघ आणि मागच्या कडेवर दुसऱ्या रंगाचा ठिपका अशा दोन्ही खुणा कराव्यात, कारण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या खेळाडूला पुढची कड दिसत नाही, मागचीच दिसते. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील रंगांच्या दुकानांत मिळणारा बारीक कुंचला आणि अ‍ॅक्रिलिक रंगाची छोटी बाटली एवढ्यावर हे काम होते. रंग उडू नये म्हणून वरून वॉर्निशचा पातळ हात द्यावा.

आपल्याकडे डाव बहुधा कुणाच्या तरी घरी, जेवणाच्या टेबलावर रंगतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पट दमट हवेने फुगून त्याच्या घड्या वर उचलल्या जातात. जड धातूची फिगर अशा उतारावर अलगद फिरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पटावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पातळ पत्रा ठेवला, की फिगर घसरत नाही आणि पंख्याच्या वाऱ्याने पटही उडत नाही. याशिवाय एक सवय लावून घ्यावी : चाल संपवून फिगरवरून हात काढताना तोंडाची दिशा मोठ्याने सांगावी. ‘दादा, याचं तोंड खिडकीकडे, पाठ तुमच्या जेनरकडे’ (जेनर हा एक हलका मेक) एवढे एक वाक्य नंतरची दहा मिनिटांची हुज्जत वाचवते.

पुढील विवेचनासाठी कडांना क्रमांक देऊ. मेकच्या नाकासमोरची कड पहिली. तिथून उजवीकडे फिरत गेल्यास पुढची-उजवी कड दुसरी, मागची-उजवी तिसरी, थेट पाठीमागची चौथी, मागची-डावी पाचवी आणि पुढची-डावी सहावी.

मारा कुठे पोचतो आणि मारा कुठे लागतो

तोंडाच्या दिशेबाबत बॅटलटेकमध्ये दोन स्वतंत्र प्रश्न असतात आणि त्यांची गल्लत झाली, की सगळे डावपेच फसतात. पहिला प्रश्न माझी शस्त्रे कुठवर फिरतात हा, तर दुसरा समोरच्याचा फटका माझ्या अंगावर कोणत्या बाजूने लागतो हा.

पहिल्याचे उत्तर असे. धडात बसवलेली शस्त्रे पुढच्या १२० अंशांच्या पट्ट्यात मारा करतात, म्हणजे लगतच्या हेक्सांपुरते बोलायचे तर पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या कडेपलीकडे. उजव्या हातातली शस्त्रे याशिवाय उजव्या बगलेत म्हणजे तिसऱ्या कडेपलीकडे आणि डाव्या हातातली पाचव्या कडेपलीकडे पोचतात. चौथ्या कडेपलीकडे फक्त मागे रोखलेली शस्त्रे मारा करू शकतात. सर्व चाली संपून शस्त्रे डागण्याची वेळ आली, की मेकला धड एका कडेने डावीकडे किंवा उजवीकडे फिरवता येते आणि हे सगळे पट्टे धडाबरोबर सरकतात. धड उजवीकडे फिरवले तर तोफेच्या टप्प्यात पहिली, दुसरी आणि तिसरी कड येते, चौथी कड उजव्या हाताच्या टप्प्यात येते आणि मागे रोखलेले लेसर पाचव्या कडेकडे वळतात. फेरीच्या अखेरीस धड पुन्हा पायांच्या रेषेत येते.

यावरून अ‍ॅटलसची तोफ लगतच्या सहा हेक्सांपैकी पाचांत पोचते असे दिसेल : तीन सरळ, एक उजवीकडे धड फिरवून आणि एक डावीकडे फिरवून. थेट पाठीमागच्या हेक्सात मात्र ती कशीही पोचत नाही. तिथे उभ्या असलेल्या शत्रूवर एक तर धड न फिरवता पाठीवरचे दोन लेसर डागावेत, नाहीतर धड फिरवून एका हातातला एक लेसर. ज्या मेकच्या दोन्ही हातांना कोपराखालचा भाग आणि पंजा नसतो, उदाहरणार्थ रायफलमन, त्याला हात उलटे फिरवून मागे मारा करता येतो. अ‍ॅटलसला ती सोय नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धडावर अवलंबून नसते, पायांवर असते, आणि नव्या खेळाडूला नेमके हेच पचायला जड जाते. मारा करणाऱ्याच्या हेक्सच्या मध्यापासून तुमच्या हेक्सच्या मध्यापर्यंत पट्टी धरावी आणि ती तुमच्या हेक्सची कोणती कड ओलांडते ते पाहावे. पहिली, दुसरी किंवा सहावी कड असेल तर फटका समोरून लागला, तिसरी असेल तर उजव्या बगलेतून, पाचवी असेल तर डाव्या बगलेतून आणि चौथी असेल तर पाठीत. पट्टी बरोबर दोन कडांच्या कोपऱ्यावरून गेली, तर कोणती कड धरायची हे मार खाणाऱ्याने ठरवायचे असते. तेव्हा धड फिरवल्याने तुमच्या तोफांना शत्रू सापडतो, पण पाठीचे पातळ चिलखत जिथल्या तिथेच राहते.

रणगाडे आणि इतर वाहनांना हे मोजमाप लागू करू नये. वाहनाची ‘समोरची’ बाजू फक्त पहिल्या कडेपुरती असते आणि दुसऱ्या किंवा सहाव्या कडेवरून आलेला फटका त्यांना बगलेतच लागतो. चार पायांच्या मेकना, उदाहरणार्थ ऐंशी टनांच्या गोलायथला, धड मुळीच फिरवता येत नाही. त्यांना त्याबदली तोंड न वळवता तिरके सरकण्याची मुभा असते.

वळणाची किंमत

तोंड एका कडेने वळवण्यासाठी चालीचा एक पॉइंट खर्च होतो. हलक्या मेकला ही रक्कम किरकोळ वाटते, परंतु अ‍ॅटलसकडे चालताना तीन आणि धावताना पाच एवढेच पॉइंट असतात. पूर्ण मागे वळायचे म्हणजे तीन कडा, म्हणजे चालण्याचे सगळे पॉइंट संपले आणि मेक जागचा हलला नाही. धावून वळल्यास दोन पॉइंट उरतात, पण धावल्याबद्दल स्वतःच्या नेमात दोनची भर पडते, म्हणजेच फाशांवर दोन जास्त आणावे लागतात. शिवाय वळणे हा हेक्स ओलांडण्याचा भाग धरला जात नाही. त्यामुळे जागेवर वळत बसलेला मेक शत्रूच्या नेमाला उभ्या लक्ष्याइतकाच सोपा असतो.

अरुंद गल्लीत बेस्टची बस घालणारा चालक बाहेर कुठून पडायचे हे आत शिरण्यापूर्वीच पाहून ठेवतो. अ‍ॅटलस चालवतानाही तेच करावे लागते. व्यवहारात याचा अर्थ असा, की तीनपैकी एक पॉइंट कायम वळणासाठी राखून ठेवावा आणि आपल्या मेकचा वेग दोन हेक्सच आहे असे समजून मार्ग आखावा. दोन फेऱ्यांनंतर कुठे तोंड हवे आहे हे आज ठरवले, तर ते वळण एकेका कडेने वाटून घेता येते. न ठरवल्यास एका फेरीत तीन कडा वळण्याची पाळी येते आणि नेमकी तीच फेरी शत्रूला हवी असते.

मागे चालण्याचा पर्याय लोक विसरतात. सपाट जमिनीवर उलट्या पावली चालण्याचा खर्च पुढे चालण्याइतकाच असतो. उलट्या पावली धावता येत नाही, ही अट खरी, पण अ‍ॅटलसला तसेही धावण्याचे फारसे कारण नसते. शत्रू जवळ येत असताना तोंड त्याच्याकडेच ठेवून दोन-तीन हेक्स मागे सरणे हे पाठ फिरवून तेवढेच अंतर कापण्यापेक्षा केव्हाही चांगले. उडी मारू शकणाऱ्या मोठ्या मेकला तर उतरताना हव्या त्या दिशेला तोंड करता येते आणि त्याचा वेगळा खर्च नसतो. अशा मेकने आपले उडीचे पॉइंट अंतर कापण्यापेक्षा वळणासाठी राखावेत असे माझे मत आहे, कारण एका हेक्सची उडी मारूनही तो पूर्ण मागे वळू शकतो.

पाठीमागे काय असावे

पाठीमागे ठेवण्यासारखी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे पटाची कड. पटाबाहेर कुणी उभा राहू शकत नाही, त्यामुळे चौथ्या कडेकडून फटका येण्याचा प्रश्नच मिटतो. याची किंमत म्हणजे मागे सरायला जागा उरत नाही आणि लांब पल्ल्याच्या शस्त्रांनी शत्रू तुम्हाला तिथेच खिळवून ठेवू शकतो; म्हणून पटाच्या कडेला चिकटून राहण्यापेक्षा तिच्याशी तिरके, एक बगल कडेकडे आणि दुसरी सोबत्याकडे ठेवून पुढे सरकणे मला अधिक पटते.

टेकडीबाबत सावध राहावे. मेकला एका हेक्सात दोन पातळ्यांपर्यंत चढता येते, म्हणजे पाठीमागची दोन पातळ्यांची टेकडी ही शत्रूला अडवणारी भिंत ठरत नाही. उलट तो तिच्यावर चढून वरून तुमच्या पाठीत मारा करेल. तीन किंवा अधिक पातळ्यांचा सरळ कडा असेल आणि शत्रूकडे उडी मारणारे मेक नसतील, तरच तो आडोसा म्हणावा. तेव्हाही पलीकडच्या बाजूने त्या माथ्यावर चढायला उतार आहे का, हे पटावर बोट फिरवून पाहून घ्यावे.

दाट झाडी पाठीशी घेण्याची चूक तर सर्रास होते. झाडीमुळे नेमात भर पडते हे खरे, पण ती भर मधल्या हेक्सांतील आणि लक्ष्याच्या हेक्सातील झाडीची असते. मारा करणारा ज्या झाडीत उभा आहे ती त्याच्या नेमाच्या आड येत नाही. म्हणजे तुमच्या थेट मागच्या दाट झाडीत शिरलेला शत्रू तुमच्यावर मोकळ्या नेमाने मारा करतो आणि तुम्ही त्याच्यावर उलटा मारा करताना दोनची भर सोसता. झाडीचा खरा उपयोग तिथे पोचण्याच्या खर्चात आहे : दाट झाडीचा हेक्स तीन पॉइंट घेतो आणि हलकी झाडी दोन. मागे एकच हेक्स झाडी असेल तर ती शत्रूची सोय, आणि तीन-चार हेक्सांचा सलग पट्टा असेल तर ती तुमची सोय.

आणि सोबती. दोन मोठे मेक एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे करण्याची कल्पना दिसायला छान दिसते, पण त्यामुळे दोघांच्या तोफा विरुद्ध दिशांना जातात आणि एकाच लक्ष्यावर मारा एकवटता येत नाही. त्यापेक्षा एका मोठ्या मेकच्या मागे दोन-तीन हेक्सांवर मध्यम वजनाचा सोबती त्याच दिशेला तोंड करून चालवावा. मोठ्याच्या पाठीमागे येणारा शत्रू आपोआप या सोबत्याच्या तोंडासमोर येतो.

बगल देऊन लढणे

समोरासमोर तोंड करून लढणे हाच सर्वांत सुरक्षित पवित्रा, अशी समजूत असते. ती नेहमीच बरोबर नसते. समजा अ‍ॅटलसच्या डाव्या धडावर बरेच फटके बसले आहेत आणि तिथले चिलखत जवळजवळ संपले आहे. त्याच धडात एलआरएम आणि एसआरएमचा दारूगोळा आहे. समोरून मारा झाला तर प्रत्येक फटका डाव्या धडावर बसण्याची शक्यता (दोन फाशांच्या ३६ जोड्यांच्या हिशेबाने) ३६ पैकी ५ असते. डाव्या बगलेतून झाला तर ती ७ होते, आणि उजव्या बगलेतून झाला तर ४. फरक लहान दिसतो, पण संपूर्ण डाव्या अंगाचा, म्हणजे हात, पाय आणि धड यांचा एकत्र हिशेब केला, तर समोरून ३६ पैकी १४ फटके तिकडे जातात आणि उजव्या बगलेतून फक्त ९.

आता पाय असे ठेवा की शत्रू तुमच्या तिसऱ्या कडेपलीकडे येईल. त्याचे फटके उजव्या बगलेत लागतील. शस्त्रे डागण्याच्या वेळी धड उजवीकडे फिरवा. तिसरी कड तोफेच्या टप्प्यात येईल आणि तुमची सगळी पुढची शस्त्रे त्याच्यावर रोखली जातील. जखमी बाजू आड ठेवून पूर्ण ताकदीने मारा करण्याचा हा पवित्रा मोठ्या मेकच्या खेळातील सर्वांत मोलाचा आहे असे मी मानतो, आणि नियमांत धडाचे वळण आणि पायांची दिशा वेगळी ठेवली आहे त्याचे सार्थक इथे होते.

यातला धोका उघड आहे. तिसऱ्या कडेला लागून चौथी कड असते. शत्रूच्या एका वेगवान मेकने एक-दोन हेक्स पुढे सरकून कड बदलली, की बगलेऐवजी पाठ त्याच्या हाती लागते. म्हणून हा पवित्रा तेव्हाच घ्यावा, जेव्हा त्या फेरीत तुमची चाल शत्रूनंतर असेल, किंवा चौथ्या कडेमागे वर सांगितल्यापैकी काहीतरी भरवशाचे असेल. शिवाय लाथ मारताना धडाचे वळण धरले जात नाही. लाथ पायांच्या समोरच्या तीन कडांपलीकडेच मारता येते. अ‍ॅटलसची लाथ वीस पॉइंटांची असते आणि एवढ्या फटक्याने हलक्या मेकचा पाय बहुधा जागीच तुटतो. शत्रू लगतच्या हेक्सात असेल तर बगल देताना तुम्ही ही लाथ सोडून देता, हे मनाशी धरून निर्णय घ्यावा.

चालीचा क्रम

इनिशिएटिव्ह, म्हणजे फेरीतील चालीचा क्रम ठरवणारी फाशांची चढाओढ, हरलेला पक्ष आधी चाल करतो आणि नंतर शस्त्रांचे लक्ष्य व धडाचे वळणही आधी जाहीर करतो. तेव्हा जिंकणाऱ्याकडे शेवटची चाल आणि शेवटचे वळण असे दोन्ही लाभ असतात. हरलेल्या फेरीत कोणता मेक आधी हलवायचा, यावर दोन मते आहेत. काहींच्या मते संथ मेक आधी हलवावा, कारण तो कुठे जाणार हे शत्रूला तसेही कळलेले असते. मला हे अर्धेच पटते. ज्याची पाठ झाकलेली आहे तो मेक आधी हलवावा, मग तो संथ असो वा वेगवान. अ‍ॅटलसची पाठ उघडी असेल तर त्याला शेवटपर्यंत राखून ठेवावे आणि शत्रूच्या वेगवान मेकना आधी आपली जागा दाखवायला लावावी, जरी त्यासाठी आपला एखादा मध्यम मेक लवकर खर्ची पडला तरी.

मोठ्या मेकच्या मागे जाताना

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहू. तुमच्याकडे पस्तीस टनांचा जेनर आहे, जेआर७-डी. चालताना सात, धावताना अकरा आणि उडीचे पाच पॉइंट, चार मीडियम लेसर आणि एक एसआरएम ४. समोर अ‍ॅटलस दोन हेक्स चालून एक कड वळून थांबला आहे. जेनर सात हेक्स धावून आणि चार वळणे घेऊन त्याच्या पाठीमागे पोचतो आणि अकरा पॉइंट पुरे होतात. दोन्ही चालकांचा नेम चारचा धरला, तर जेनरला धावल्याचे दोन मिळून सहा किंवा अधिक आणावे लागतात, म्हणजे ३६ पैकी २६ वेळा लेसर लागतो. अ‍ॅटलसच्या पाठीवरच्या लेसरना चालल्याचा एक आणि सात हेक्स हललेल्या लक्ष्याचे तीन मिळून आठ आणावे लागतात, म्हणजे ३६ पैकी १५. उडी मारून गेल्यास जेनरचा स्वतःचा नेम सातावर जातो आणि पाच हेक्सांच्या उडीने त्याला मिळणारे संरक्षण मात्र तेवढेच, तीनचे, राहते. म्हणून वाट मोकळी असेल तर धावावे आणि उडी अडथळ्यांसाठी ठेवावी.

थांबायचे कुठे? मीडियम लेसरचा जवळचा पल्ला तीन हेक्सांपर्यंत असतो. तेव्हा लगतच्या हेक्सात घुसण्यात नेमाचा काहीच फायदा नाही आणि तोटा मात्र आहे : अ‍ॅटलस पाठीमागे लाथ मारू शकत नसला तरी धड फिरवून ज्या हाताचा लेसर डागलेला नाही त्या हाताने ठोसा मारू शकतो, आणि समोरून बसलेल्या ठोशांपैकी सहातला एक डोक्यावर बसतो. तीन हेक्स अंतर राखून, थेट चौथ्या कडेच्या रेषेत थांबावे.

पहिल्याच फेरीत अ‍ॅटलस पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाठीत लागलेल्या फटक्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी, ३६ पैकी १७, धडावर बसतात. बाकीचे हात, पाय आणि डोके यांवर जातात, आणि त्यांना मागचे वेगळे चिलखत नसते. पण बाजूच्या धडाच्या पाठीवर दहाच पॉइंट आहेत. तिथे दोन लेसर बसले की चिलखत संपते आणि तिसरा आत शिरतो. उजव्या धडात तोफेच्या शेजारी तोफेचा दोन टन दारूगोळा असतो, एका टनात पाच फेरे, आणि एका भरलेल्या टनाचा स्फोट म्हणजे शंभर पॉइंटांचे नुकसान. या नमुन्यात तो स्फोट बाहेर वळवण्याची सोय नसल्याने मेक तिथेच संपतो. म्हणून पाठीमागे जाण्याचा लाभ डावाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, जेव्हा दारूगोळ्याचे टन भरलेले असतात.

मागे पोचल्याच्या आनंदात सगळी शस्त्रे एकदम डागण्याचा मोह टाळावा. चार लेसरचे बारा, धावण्याचे दोन, अशी चौदा उष्णता होते आणि ती शोषून घेणारे दहा हीट सिंक वजा जाता चार उरते. चारवर कोणताही दंड नाही. त्यात एसआरएमचे तीन मिळवले की सात उरते आणि पुढच्या फेरीत चालण्याचा एक पॉइंट कापला जातो. ज्या मेकचे सगळे संरक्षण वेगात आहे, त्याने मोठ्या मेकच्या पाठीमागे उभे असताना वेग गमावू नये. कारण पुढच्या फेरीत इनिशिएटिव्ह हरलात, तर आधी तुम्हाला हलावे लागेल आणि अ‍ॅटलस तुमच्यानंतर वळेल.

एकट्याने मागे जाण्यापेक्षा जोडीने जावे. एक दमदार मेक समोर, तोफेच्या पल्ल्याच्या म्हणजे नऊ हेक्सांच्या किंचित बाहेर, आणि दुसरा वेगवान मेक मागे. अ‍ॅटलस मागच्याकडे वळला तर समोरच्याला पाठ मिळते, न वळल्यास मागच्याला. यात समोरचा मेक आधी हलवावा आणि मागचा अगदी शेवटी.

पडल्यावर

एका टप्प्यात वीस किंवा अधिक पॉइंट नुकसान झाले, किंवा लाथ बसली, की मेकच्या चालकाला तोल सावरण्यासाठी फासे टाकावे लागतात, आणि पडताना मेकचे तोंड कुठे वळेल हेही फासाच ठरवतो. पडलेल्या मेकला धड फिरवता येत नाही. त्याच्यावर लगतच्या हेक्सातून मारा करणाऱ्याला नेमात दोनची सूट मिळते, तर दुरून मारा करणाऱ्याला एकची भर सोसावी लागते. अ‍ॅटलस पडला तर घाबरून लगेच वळणाचा विचार करू नये. उठण्याच्या प्रयत्नाला दोन पॉइंट लागतात आणि उठल्यावर मेक हव्या त्या दिशेला तोंड करू शकतो, म्हणजे पूर्ण मागे वळण्याचे जे काम एरवी तीन पॉइंटांचे असते ते इथे दोनात होते आणि एक पॉइंट शिल्लक राहतो. पाचचे कौशल्य असलेल्या चालकाला, दुसरा काही दंड नसेल तर, ३६ पैकी ३० वेळा उठता येते. अपयश आल्यास शंभर टनांच्या मेकला पुन्हा पडण्याचे दहा पॉइंट नुकसान होते. लगतच्या हेक्सात शत्रू असेल तर हा धोका पत्करून उठावे, आणि सर्व शत्रू दूर असतील, पाठही कुणाच्या रेषेत नसेल, तर एक फेरी पडून राहून एका हाताच्या टेकूवर दुसऱ्या हाताने व धडातील शस्त्रांनी मारा करावा. टेकूच्या हाताची शस्त्रे तेव्हा बंद राहतात आणि नेमात दोनची भर पडते, पण पुढच्या फेरीत तोंडाची दिशा निवडण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो.